कागद कमरेला असताना

आमच्या तालमीत धावण्याला स्वतंत्र किंमत नव्हती. जोर-बैठका झाल्या, हौद्यातली माती अंगाला लागली, की दम वाढावा म्हणून विश्वामित्रीच्या पुलापर्यंत पळत जायचं, पुलावरून एखादी मगर दिसते का बघायचं आणि परत फिरायचं, एवढंच आमचं धावणं. नुसतं धावण्यासाठी धावायचं हे खूळ वस्तादांच्या डोक्यात शिरलं ते वर्तमानपत्रामुळे. कुणीतरी त्यांना सव्वीस मैलांच्या शर्यतीची हकीकत वाचून दाखवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तालमीतली जी माणसं कुस्तीला निरुपयोगी होती ती सगळी एका रांगेत उभी केली. त्या रांगेत पहिला मी होतो.

हे मी राग धरून लिहीत नाही. मला चीत करायला समोरच्याला कधी फार कष्ट पडले नाहीत. एकदा तर माझी पाठ मातीला टेकली तेव्हा समोरचा गडी अजून मांडीवर थाप मारत होता, असं आमच्याकडे सांगत, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. पण माझे पाय थकत नसत. पहाटे वाडीतून निघून मकरपुऱ्याच्या रस्त्याने पाच-सहा मैल करून यायचो आणि वेळेवर जमाबंदीच्या कचेरीत कारकुनाच्या खुर्चीवर बसलेला असायचो. शेजारचे कारकून आल्याआल्या जांभया देत आणि मी मात्र ताजातवाना, याचं साहेबांना फार कौतुक होतं. मी धावून येतो हे त्यांना माहीत नव्हतं.

वस्तादांचे दोन्ही कान कुस्तीत फुटलेले आणि त्यांचं सगळं शास्त्र कुस्तीचं. त्यांनी आम्हा आठ जणांना धावण्याआधी दोनशे बैठका मारायला लावल्या आणि वर बदामाची, तूप घातलेली थंडाई पाजली. पहिल्या रविवारी अकोट्याच्या आसपास चौघांनी ती रस्त्यावर परत केली. त्यानंतर थंडाई धावून आल्यावर मिळू लागली, पण बैठका सुटल्या नाहीत. दुसरा हिवाळा येईपर्यंत आठातले आम्ही दोघेच उरलो. मी आणि छापखान्यात खिळे जुळवणारा एक गुजराती मुलगा. मुलगा म्हणायचं एवढंच, बावीस वर्षांचा होता, माझ्याहून सात वर्षांनी लहान. त्याच्या बोटांची शाई कधी गेलेली मी पाहिली नाही. मला धावताना बोललेलं सहन होत नाही आणि तो बोलल्याशिवाय धावू शकत नसे. दोन वर्षं आम्ही एकमेकांना कसं सोसलं कोण जाणे.

त्या हिवाळ्यात वस्तादांनी जाहीर केलं की पुण्याला लांब पल्ल्याची शर्यत होते, तिथे आपल्या तालमीचा एक माणूस जाईल. एकच. त्यासाठी आम्ही दोघांनी बडोद्यात पुरी मॅरेथॉन धावून दाखवायची आणि जो आधी येईल त्याच्या कपाळाला हौद्यातली माती लागेल. बाहेरगावी लढायला निघालेल्या पैलवानाला वस्ताद स्वतःच्या हाताने ही माती लावत. दहा वर्षं तालमीत काढून मी ती दुसऱ्यांच्याच कपाळाला लागताना पाहिली होती. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, की तिशी उलटलेल्या माणसाला ते पाठवणार नाहीत. मी एकोणतीस संपवत होतो. म्हणजे हीच वेळ, नाहीतर कधीच नाही. मला ती माती हवी होती. इतकी हवी होती की कचेरीत बसल्या बसल्या माझा हात कपाळाकडे जाई.

घरी मात्र या विषयावर शांतता होती, आणि ती आबांची होती. आबा म्हणजे माझे वडील. आमचं घराणं जासुदांचं. सरकारचा कागद एका ठाण्याहून दुसऱ्या ठाण्याला पायी पळत पोचवायचा, हे आमच्या तीन पिढ्यांचं काम. आजोबांची घुंगरं लावलेली काठी आमच्या देवघराच्या कोपऱ्यात उभी असे आणि दसऱ्याला तिला हळदकुंकू लागे. आबांनीही तरुणपणी चार वर्षं जासुदी केली होती. मग टपाल आलं, तारा आल्या, जासुदांचं काम संपलं आणि आबा एका कचेरीत पट्टेवाले झाले, असं आम्हाला सांगितलेलं होतं. त्यांची स्वतःची काठी कुठे गेली हे मी कधी विचारलं नाही. आबांना प्रश्न विचारायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

मी सव्वीस मैल धावणार हे आईने त्यांना सांगितलं तेव्हा ते जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला आणि मला म्हणाले की तीन पिढ्या पळाल्या तेव्हा कुठे चौथीला खुर्ची मिळाली, आता खुर्ची सोडून पुन्हा रस्त्यावर पळणार असशील तर लोक म्हणतील जासुदाचं रक्त, पळणारच. मीही तापट. मी म्हटलं, म्हणू देत. त्यानंतर दोन महिने आबा माझ्याशी धावण्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. बाकी सगळं बोलत. भाजी आणलीस का, दिव्याची काच पुसलीस का. मी घामाने भिजून घरात आलो की त्यांना तेवढ्यात काहीतरी काम आठवे आणि ते मागच्या दारी जात.

आता मुजऱ्याची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. रस्त्याने सरकारांची, म्हणजे महाराजांची, स्वारी आली की बाजूला होऊन उभं राहायचं, हे आमच्या वस्तीत सगळेच करत. कुणी नियम म्हणून नव्हे, वळण म्हणून. पण आबांचं वळण वेगळंच कडक. लांबून मोटार दिसली की ते जागच्या जागी थांबत, जोडे काढत आणि कमरेत वाकून उजवा हात तीनदा जमिनीकडून कपाळाला नेत. धूळ बसेपर्यंत मान वर नाही. मी पाच वर्षांचा असल्यापासून त्यांनी मला हेच शिकवलं होतं. एकदा गाडीत कोण आहे बघायला मी मान वर केली तर पाठीत असा धपाटा बसला की आजही आठवतो. आधी मान, मग डोळे, असं त्यांचं म्हणणं. ते माझ्या हाडात उतरलं होतं.

शर्यतीचा रस्ता वस्तादांनी ठरवला. तालमीपासून पादऱ्याला जायचं, तिथून परत तालमीपर्यंत यायचं, ते झाले वीस मैल. मग उलट्या दिशेने मकरपुऱ्याच्या रस्त्यावर तीन मैलांवर जी पाणपोई होती, तिला हात लावून परत, ते सहा. पादऱ्याला आम्ही खरोखरच गेलो याचा पुरावा हवा म्हणून तिथल्या शाळेच्या हेडमास्तरांना निरोप गेला होता. त्यांनी प्रत्येकाला सही-शिक्का केलेला कागद द्यायचा आणि आम्ही तो शेवटपर्यंत जवळ बाळगून वस्तादांच्या हातात ठेवायचा. कागद हरवला तर शर्यत हरलो. शाळा सरकारी, म्हणून शिक्काही सरकारी होता.

पौषातला रविवार होता. उजाडता उजाडता नारळ फुटला. वेळ मोजायला तालमीच्या भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ काढून बाहेर टेबलावर ठेवलं होतं. टेबलाचा एक पाय आखूड होता आणि लंबकाचं घड्याळ तिरकं चालत नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आम्ही निघाल्यावर पाच मिनिटांत ते बंद पडलं. त्यामुळे मी माझी पहिली मॅरेथॉन किती वेळात पुरी केली हे जगात कुणालाही ठाऊक नाही. एका परीने बरंच झालं.

पादऱ्याच्या रस्त्यावर त्या वेळी बडोद्याच्या बाजाराला निघालेल्या भाजीच्या गाड्यांची रांग असे. दोन माणसं अर्ध्या चड्डीत जीव खाऊन पळताना बघून गाडीवाल्यांना वाटलं काहीतरी वाईट बातमी आहे. एकाने बैल थांबवून आम्हाला विचारलंच, “कोण मरी गयुं, भाई?” माझ्या जोडीदाराने पळता पळता उत्तर दिलं, “हजी कोई नथी मर्युं, काका. सांजे पूछजो.” अजून कुणी मेलं नाही, संध्याकाळी विचारा, हे ऐकून मला हसू आलं आणि हसण्यात श्वास वाया गेला म्हणून रागही आला. तो मात्र पादऱ्यापर्यंत बोलत होता. छापखान्यातले मालक, बहिणीचं लग्न, सुरतेची घारी. मी हं सुद्धा म्हटलं नाही.

शाळेच्या ओट्यावर हेडमास्तर शाल गुंडाळून बसले होते. त्यांनी सावकाश आमची नावं विचारली, सावकाश दौत उघडली आणि इतक्या सुंदर अक्षरात दोन कागद लिहिले की मी मनातल्या मनात त्यांना चार शिव्या दिल्या. मग शिक्का. मी कागदाची घडी घालून कमरेच्या पट्ट्यात खोचली आणि परत फिरलो.

परतीला अटलादरा दिसू लागल्यावर माझे पाय असे काही सुटले की मला स्वतःलाच नवल वाटलं. पाठीमागचं बोलणं लांब गेलं, मग ऐकू येईनासं झालं. विश्वामित्रीचा पूल ओलांडला. तालमीपाशी वीस मैल पुरे झाले तेव्हा तो शंभर-दीडशे पावलं मागे असावा. वस्ताद त्या वेळी घड्याळाला चापट्या मारत होते. त्यांनी वर बघितलं, मला पुढे पाहून त्यांची मिशी हलली आणि त्यांनी मकरपुऱ्याच्या दिशेने हात केला. कुणीतरी माझ्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं. उरले सहा मैल. हा तर माझा रोजचा रस्ता. मला वाटलं, झालं, माती आपली.

लालबागेच्या पुढे रस्ता सरळ होतो. ऊन चढलं होतं, पण दोन्ही बाजूंना झाडं होती. मी तिथे पोचलो आणि मागून मोटारीचा आवाज आला. कडेचा एक म्हातारा उठून उभा राहिला. मी ओझरतं पाहिलं, गाडी राजवाड्याची होती.

मी थांबलो.

विचार करून थांबलो नाही. विचार करायला वेळच नव्हता. पाय आपोआप रस्त्याच्या कडेला गेले, मान खाली गेली आणि हात जमिनीकडून कपाळाला, एकदा, दोनदा, तीनदा. कॅनव्हासच्या बुटांच्या नाड्या सोडायला बोटं गेली तेव्हा कुठे मला शुद्ध आली. गाडी पुढे गेली. मी धूळ बसायची वाट बघत उभा राहिलो. मग पहिलं पाऊल टाकलं आणि दोन्ही पोटऱ्यांत पेटके आले. साडेएकवीस मैल पळत असलेलं शरीर एकदम थांबवलं की काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. मी झाडाला धरून उभा राहिलो आणि माझ्या तोंडून जे शब्द निघाले ते कडेच्या म्हाताऱ्याने ऐकले नसते तर बरं झालं असतं.

तेवढ्यात माझा जोडीदार मागून आला. न थांबता, माझ्याकडे बघत बघत, म्हणाला, “गाडी खाली होती, भाई. नुसता ड्रायव्हर.” आणि पुढे गेला. गाडी त्याच्याही बाजूने गेली होती, पण त्याने आधी बघितलं होतं. मी मान आधीच खाली घातली होती. रिकाम्या गाडीला तीन मुजरे करून मी दोन वर्षांची मेहनत रस्त्याच्या कडेला ठेवली होती. मला रडू आलं. हे लिहायला लाज वाटत नाही, कारण खरोखरच आलं.

पण बसलो नाही. बसलो असतो तर उठलो नसतो. पोटऱ्यांवर मुठी मारल्या, लंगडत चाललो, मग खुरडत पळू लागलो. प्रत्येक झाडापाशी स्वतःला सांगत होतो की पुढच्या झाडापर्यंत. तो मला पाणपोईवरून परत येताना भेटला आणि पहिल्यांदाच काही बोलला नाही. त्याचंही तोंड कोरडं पडलं होतं. मी मनात पावलं मोजली. चारशेच्या वर अंतर होतं.

पाणपोईच्या कट्ट्यावर आबा बसले होते.

मी आधी ओळखलंच नाही. वाडीपासून तीन मैल ते पायी आले होते, हातात गुळाच्या पाण्याचा तांब्या. मला म्हणाले, बसू नकोस, उभ्यानेच पी. मी प्यायलो. त्यांनी खाली वाकून माझ्या पोटऱ्या दोन्ही हातांनी अशा पिळल्या की डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि पेटके सुटले. एवढ्या वर्षांत माझ्या अंगाला त्यांचा हात लागल्याचं मला आठवत नव्हतं, तो धपाटा सोडला तर.

“तो पोरगा पुढे कसा गेला?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं की गाडी आली, मी मुजऱ्याला थांबलो. शाबासकी मिळेल असं नाही, पण निदान कारण तरी पटेल असं मला वाटलं होतं. आबांचा चेहरा उतरला. एवढा उतरलेला मी त्यांचा चेहरा पुढे कधी पाहिला नाही.

“कागद कुठाय?”

मी कमरेतला कागद काढून दाखवला. घामाने ओला झाला होता, पण शिक्का शाबूत होता. त्यांनी तो बोटाने चाचपला.

“कागद कमरेला असताना जासूद थांबत नाही. घोडा आडवा आला तरी नाही, सरकार आले तरी नाही. कागद उजव्या हातात घ्यायचा, हात वर करायचा आणि पळत राहायचं. तोच त्याचा मुजरा.” मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “जा.”

मी गेलो. कसा गेलो ते नीट सांगता येत नाही. पाय माझे नव्हते, पण चालत होते. एक बोटाएवढा फोड फुटून बुटात ओलं झालं होतं. पुढे जोडीदार लहानसा दिसत होता, मग जरा मोठा. माझ्यासारखीच त्याचीही ताकद संपत आली होती. लालबाग जवळ येईपर्यंत अंतर दीडशे पावलांवर आलं. म्हणजे अजून पुष्कळ होतं आणि तालीम फक्त एका मैलावर. मी हिशोब केला आणि तो जुळेना. तरी पळत राहिलो.

तेव्हा पुढच्या वळणावर पोलिसाची शिट्टी वाजली. मघाशी रिकामी गेलेली मोटार मकरपुऱ्याच्या राजवाड्याहून परत येत होती, आणि या वेळी रिकामी नव्हती. रस्त्यावरचे लोक भराभर कडेला उभे राहिले. टांगेवाला खाली उतरला. भाजीवालीने टोपली ठेवली. पुढे तो थांबला. बाजूला होऊन, हात जोडून, मान खाली घालून उभा राहिला, सगळे उभे राहतात तसा.

माझीही मान खाली जाऊ लागली होती. खोटं कशाला सांगू. पाच वर्षांच्या वयापासूनचं वळण दोन मैलांत जात नाही. मानेला आणि पायांना वेगळे हुकूम मिळाले होते, आणि मी घाबरलो होतो, कारण मी सरकारी नोकर होतो आणि उद्या दहा वाजता मला सरकारी खुर्चीवर बसायचं होतं. मी कमरेतला कागद काढला, उजव्या हातात धरून हात डोक्यावर नेला आणि पळत राहिलो. मोटार माझ्या बाजूने गेली. सगळा रस्ता उभा होता आणि मी एकटा पळत होतो. गाडीत कोण होतं, त्यांनी माझ्याकडे बघितलं की नाही, मला माहीत नाही. मी समोर बघत होतो. तो उभा होता तिथून पुढे गेलो तेव्हाही हात वरच होता.

नंतर त्याने खूप जोर केला, मला त्याची पावलं ऐकू येत होती. पण मी तालमीच्या दारातला नारळाचा कचरा ओलांडला तेव्हा तो दहा-पंधरा पावलं मागे होता. मी कागद वस्तादांच्या हातात ठेवला आणि जमिनीवर बसलो.

कुणी टाळी वाजवली नाही. शर्यत बघायला लालबागेपाशी गेलेले तालमीतले दोघे सायकलवरून आमच्या आधीच आले होते आणि तिथे काय घडलं ते त्यांनी सांगितलं होतं. वस्तादांनी कागद वाचला, घडी घातली आणि सांगितलं की पहिला तू आलास, पण सरकारांपुढून न थांबता गेलेला माणूस मी तालमीच्या नावाने पुण्याला पाठवू शकत नाही. त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुःख होतं, आणि त्यामुळे मला भांडताही येईना. एरवी मी भांडलो असतो. मी एवढंच म्हटलं की आबा येताहेत, ते येईपर्यंत थांबा.

माझा जोडीदार शेजारी आडवा पडला होता. डोळे न उघडता तो म्हणाला, “वस्ताद, तो उभो रह्यो तेव्हा मी पळालो. मी उभो रह्यो तेव्हा तो. हिसाब सरखो.” वस्तादांनी त्याला गप्प राहायला सांगितलं. त्याला गप्प राहायला सांगून काय उपयोग, पण त्या वेळी तो राहिला.

आबा आले तेव्हा माझे पाय मिठाच्या पाण्याच्या बादलीत होते. तालमीच्या उंबऱ्याच्या आत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं, त्या दिवशीही टाकलं नाही. दारातच उभे राहिले, सगळं ऐकून घेतलं. मग वस्तादांकडून तो कागद मागितला आणि शिक्क्यावर बोट ठेवून म्हणाले की हा सरकारचा कागद आहे आणि हा पोचवायचा होता. पोचवणाऱ्याने थांबायचं नसतं, हा सरकारचाच जुना दंडक आहे. त्याने अपमान केला नाही, मुजरा केला, जासुदाचा. शिकवणारा मी आहे.

वस्तादांचे वडील पागेत होते. जुन्या चाली त्यांना ऐकून माहीत असाव्यात. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. मग त्यांनी विचारलं, “तुम्ही स्वतः कधी असे गेलात? सरकारांपुढून?”

आबांनी माझ्याकडे बघितलं नाही.

“नाही. मी थांबलो होतो. स्वारी चालली होती, मी तरुण होतो, घाबरलो आणि वाकलो. मागून लवाजमा होता, तो सरेपर्यंत उभा राहिलो. नदीवरची नाव चुकली. कागद एक दिवस उशिरा पोचला. जमादाराने त्याच दिवशी माझी काठी काढून घेतली.”

टपाल, तारा, काम संपलं, हे सगळं मी एकोणतीस वर्षं खरं मानलं होतं. आजोबांच्या काठीला दसऱ्याला हळदकुंकू लागायचं तेव्हा आबा दरवेळी काहीतरी निमित्त काढून अंगणात जात, तेही मला त्या क्षणी आठवलं. आणि पाठीतला तो धपाटा.

मी विचारलंच, “मग मला थांबायला का शिकवलंत, आबा?”

“काठी गेल्यावर उभं राहण्याशिवाय दुसरं काय होतं?” ते म्हणाले. “तुझ्याकडेही काठी नव्हती. आज कागद होता.”

वस्ताद उठले आणि आत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या मुठीत हौद्यातली माती होती. त्यांनी वाकून ती माझ्या कपाळाला लावली, ओली होती, थोडी डोळ्यात गेली. डोळ्यात पाणी का आलं हे त्यामुळे कुणाला विचारावं लागलं नाही.

पुण्याला मी नववा आलो. तिथल्या शर्यतीची हकीकत सांगण्यासारखी नाही. चढ फार होते, माझे बूट फाटले आणि पहिल्या आठांतल्या एकाचीही पाठ मला शेवटी दिसत नव्हती. बडोद्याला परत येताना नंबर काय सांगायचा याची मी गाडीत सगळा वेळ चिंता करत होतो.

स्टेशनवर आबा आले होते. त्यांनी नंबर विचारला नाही.

“मध्ये कुठे थांबलास?”

मी म्हटलं, “नाही, आबा.”

त्यांनी मान हलवली, माझ्या हातातली ट्रंक घेतली आणि चालू लागले. बासष्ट वर्षांचा माणूस, डोक्यावर ट्रंक, आणि चाल अशी की त्यांना गाठायला मला पळावं लागलं.